विमानवाल्याचं पान

आप्पा, कारगिलनंतर सगळ्यांना जुने सैनिक आठवले, तेव्हा मीही विमानविरोधी तोफांवरच्या जवानांना गाठत फिरत होते. एकाहत्तरच्या युद्धात कोण किती विमानं पाडली म्हणतो आणि खरोखर किती पडली, यावर मला लिहायचं होतं. सुरुवात तुमच्यापासूनच, कारण तुमची गोष्ट मला पाठ होती. पापडी गावच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही हातात डाव धरून मला नेम शिकवताय, "विमानावर नाय मारायचं. ते पुढं जिथं जाईल तिथं मारायचं." तुमचं विमान मागून जाळ सोडत झाडांपलीकडे खाली गेलं होतं. ते ऐकून मी टाळ्या पिटल्या, तर तुम्ही खेकसलात, "टाळ्या कसल्या? मानूस होता त्यात." गावात मात्र कोणी विमानवाले काका म्हटलं की तुम्ही हसायचात. मी ते हसूच खरं धरलं.

मग चंदनसारला राहणाऱ्या एका निवृत्त वैमानिकाने मला समजावलं. निसटताना इंजिन पूर्ण जोरात सोडतात, मागून ज्वाळा निघतात, विमान जमिनीलगत उतरतं, आणि खालच्या तोफेवाल्याला वाटतं, पाडलं. तुमचा तळ, तो दिवस मी सांगितला. त्याने जुन्या ओळखीपाळखीतून थेट पाकिस्तानातल्या निवृत्त वैमानिकांकडे विचारून महिन्याभराने कळवलं, तुमचं विमान सुखरूप परत गेलं होतं. तुम्ही तेव्हा अंथरुणाला खिळलेले. आयुष्यातलं एवढं एकच मोठेपण, ते कशाला काढून घ्यायचं, म्हणून मी गप्प बसले. वर स्वतःच्या समजूतदारपणावर खूशही होते.

तुम्ही गेल्यावर सर्वपित्रीला आईने वाडीतून केळीची पानं आणली. पितरांची पानं झाल्यावर तुम्ही दरवर्षी दाराजवळ आणखी एक वाढायचात. मला वाटायचं, असेल कुणी निपुत्रिक चुलता. त्या दिवशी विचारलं.

"त्या विमानवाल्याचं," आई म्हणाली. "त्यांच्यात हे नसतं, मी म्हनायची. तरी वाढायचे. माझ्या हातून गेला, म्हनायचे. झोप नव्हती त्यांना."

आप्पा, माझ्या एका वाक्याने तुमची सुटका झाली असती. तो माणूस घरी पोचला होता. तुमच्यापाशी नसलेली फुशारकी मी जपत बसले, आणि याची लाज इतक्या वर्षांत जराही कमी झालेली नाही.

हे कुठे धाडायचं नाहीच. आईलाही अजून सांगितलेलं नाही. काल सर्वपित्री होती. तिने ते पान माझ्यापुढे सरकवलं, आणि मी त्यावर भात वाढला, वर तूपही.