येताना पीठ आण

तीर्थरूप मायला गोदाचा नमस्कार.

इथं समदं बरं हाय. ह्यांचा खोकलाबी कमी हाय. फोनवर तुला ऐकू येत नाय म्हणून लिहिते. वाचून दाखवील तुझा गुणी लेक, आपला वैजनाथ. गुडघे कसे हायेत तुझे?

वैजनाथ म्हणाला, तुम्ही अजिंठा बघायला येताय, फर्दापूरला हॉटेलात जेवणार, मग शहरात दुसरं हॉटेल हुडकणार. म्हणजे परतताना चिकलठाण्याला माझ्या दारावरून जाणार आन् उपाशी पुढं जाणार. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं खायचं नाय, हे तुझं अजून हायेच. माझे केस पिकले, माय. आता कुठलं मूल? वैजू, एवढं गाळू नको, मोठ्यानं वाच.

हॉटेलातलं तिखट तुला सोसायचं नाय.

मी दिवसभर कॅन्टीनात पोळ्या लाटते. घरी आल्यावर स्वतःसाठी तवा ठेवायचंबी जिवावर येतं. भांडायचं तर आता अंगात बळच नाय.

तू तुझ्या घरचं ज्वारीचं पीठ आण. माझ्या गॅसवर तूच भाकरी थाप. पीठ तुझं, हात तुझा, मग लेकीचं काय खाल्लंस?

मी नुसती बसून खाईन.

वाट बघणारी,
गोदा