वायखालची पुस्तकं

१० फेब्रुवारी २००३, सोमवार
उसाच्या गाड्यांनी एसटी अडवली. कॉलेजच्या लायब्ररीत पोचलो तर प्रांजल कॉम्प्युटरपुढं नुसती बसलेली. मी पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचायचं, तिनं ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं — असं आमचं काम. मराठी अक्षरं त्या यंत्राला येत नाहीत. सातवी नापास मला येतात!

ग्रंथपाल अश्विनी मॅडमनी सांगितलं, एप्रिलपासून दोघांतला एकच राहणार. संस्थेनं ठरवलंय. मी रिटायर शिपाई, मानधनावर. ती तात्पुरती. घरी बसून करू काय? सून टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मॅडमची नवी पद्धत. दर शनिवारी चहाला एकत्र बसायचं, आठवड्यात काय चुकलं ते सांगायचं. नाव कुणाचं घ्यायचं नाही. त्यातून म्हणे लायब्ररी शिकते. माणसं शिकतात, एवढंच मला ठाऊक होतं. आज सगळ्यांनी बिस्किटंच संपवली. चहा बरा होता.

२४ फेब्रुवारी
प्रांजलनं माझ्यासाठी वेगळ्या डबीत चटणी आणली. जागेसाठी गोड वागते की काय!

५ मार्च, बुधवार
कॉमर्सचे मच्छिंद्र सर थेट प्राचार्यांकडे गेले. कॉम्प्युटरवर व्यवस्थापनाचं एकही पुस्तक सापडत नाही — आणि कपाट भरलेलं! विहिरींवरचीही सापडत नाहीत. मॅडमनी विचारलं तेव्हा प्रांजल मान खाली घालून बसली. घोळ तिचाच असणार. वाईट वाटलं. थोडं हलकंही वाटलं. पुसलेली पुस्तकं पुन्हा पुसत राहिलो.

८ मार्च, शनिवार
मॅडमनी लेखकांच्या नावांवरून शोधलं. पुस्तकं सापडली — व्ही अक्षराखाली नाही, वायखाली!

“मामांनी ‘येवस्थापन’ वाचलं, मी तेच टाकलं,” प्रांजल म्हणाली. विहिरीची ‘इहीर’ झाली, ती आयखाली. माझे कान तापले. नाव घ्यायचं नाही ठरलं होतं की! मग तीच पुढं म्हणाली, “पण मॅडम, मला ते चुकीचं वाटलंच न्हाई. आमच्या निमगावात समदी तसंच म्हणत्यात.”

मॅडम म्हणाल्या, “मी रोज शेजारून जाते, ऐकते. पारगावची हाय ना — माझ्याबी कानाला खटकलं नाय.” त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

झाडलोट करणारा भिका म्हणाला, “म्हंजे कॉम्प्युटरच बाहेरगावचा हाय, राव.” सगळे हसले. मीही.

ठरलं — प्रांजलनं नाव डोळ्यांनी बघूनच टाकायचं, मॅडमनी रोज थोडं तपासायचं. प्राचार्यांना उत्तर हवं होतं. चूक तिघांच्या कानांची, असं मॅडमनी लिहून दिलं.

२० मार्च
दुरुस्ती होत आली. प्रांजल मला शिकवते. “व्य, मामा. ओठ दाताला लावा.” या वयात! पण आज दोनदा बरोबर आलं. मॅडम तिकडून “वा” म्हणाल्या.

३१ मार्च, सोमवार
संस्थेची ऑर्डर आली. मी राहिलो. प्रांजलला कमी केलं. कारण — टायपिंगच्या चुका. वाचण्याबद्दल अक्षर नाही. मॅडम वर भांडून आल्या, उपयोग झाला नाही.

उद्या वाचून दाखवायचं कुणाला, ते ऑर्डरीत नाही.