बाटली अ, बाटली ब

१८ जानेवारी

जिरवणार! राजेशची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

आज इथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला त्याने मला सगळ्यांसमोर वेड्यात काढलं. हा माझ्या नवऱ्याचा, नरहरचा, मावसभाऊ. हल्ली इंजिन ऑइलमध्ये घालायचं कसलं तरी औषध विकतो. एक बाटली ओतली की म्हणे गाडी लिटरमागे दोन किलोमीटर जास्त पळते! बायका हलवा वाटतायत आणि हा बाटल्या. मी एवढंच म्हटलं, की चांगल्या तेलात जे लागतं ते बनवणाऱ्याने आधीच घातलेलं असतं, वरून ओतून काही मिळत नाही. तर म्हणाला, "वहिनी, तुमचं ज्ञान रेल्वेच्या डब्यांपुरतं! गाडी तर चालवता येत नाही तुम्हाला, यार!"

सगळे हसले. रेल्वेच्या प्रयोगशाळेत तेलंच तपासत आलेय मी. केस त्यातच पिकले.

आणि माझा नवरा? तोही हसला! वर एक बाटली विकत घेऊन आला. त्याचा हिशेब वेगळा होईल.

१९ जानेवारी

नरहरशी बोलणं बंद. भाजी अळणी केली, मुद्दाम. मुकाट्याने खाल्ली.

२० जानेवारी

सुचलं. राजेशला फोन केला — चाचणी करू. निकाल मी आठ तारखेला मंडळात, माइकवर सांगेन.

"डन! पण हरलात तर माफीही माइकवरच, हाँ वहिनी."

"आणि तू हरलास तर?"

"तर मंडळात परत बाटली दिसणार नाही. पक्का."

दोन सारख्या बाटल्या भरल्या. अ मध्ये साधं इंजिन ऑइल, ब मध्ये राजेशचं औषध. झाकणांवर माझी चिकटपट्टी. कुठलं कशात ते फक्त मला ठाऊक. औषध कधी घातलंय ते चालवणाऱ्याला कळलं, की अॅक्सिलरेटरवरचा त्याचा पाय आपोआप हलका पडतो. ओतणार नरहर, चालवणारही नरहर — निशातगंजच्या आमच्या घरापासून सरोजिनी नगरला त्याच्या ऑफिसपर्यंत आणि परत. दर शनिवारी त्याच पंपावर टाकी फुल. आधी अ, मग ब. औषध एकदा गेलं की तेलातच राहतं, म्हणून हा क्रम.

"मला कशाला मध्ये घेतेस?" नरहर कुरकुरला. म्हटलं, हसायला पुढे होतास ना!

२७ जानेवारी

धुकं. गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही, नरहर म्हणतो. कानपूर रोडवर सगळं मुंगीच्या पावलांनी.

३१ जानेवारी

अ चा आठवडा संपला. लिटरमागे पंधरा. आठवडाभर धुकंच होतं. असू दे.

माइकवर काय बोलायचं ते आंघोळ करताना म्हणून पाहिलं. अनन्या बाहेरून ओरडली, "मम्मी, किससे लड़ रही हो?"

३ फेब्रुवारी

ऊन! लोक गच्चीवर रजया वाळवतायत. राजेशचा मेसेज — "वहिनी, माफीची प्रॅक्टिस चालू आहे ना?" खाली दात काढणारे चेहरे. काढ बाबा, रविवारपर्यंत काढ.

७ फेब्रुवारी

सतरा.

ब ला सतरा! बरोबर दोन जास्त. राजेश म्हणतो तेवढेच!

कारण मला दिसतंय. तो आठवडा धुक्याचा, थंड इंजिन, पहिल्या-दुसऱ्या गिअरचं रांगणं. हा आठवडा उन्हाचा, रस्ता मोकळा. एक गाडी, एकेक आठवडा — माझ्या हाताखालच्या कुणी असला रिपोर्ट आणला असता तर मी परत पाठवला असता. सूड घ्यायची इतकी घाई झाली होती, की हवेचा विचारच केला नाही. मी!

आता हे माइकवर सांगायचं? धुकं होतं हो, धुकं? हरलेल्या माणसाचं रडगाणं वाटेल. पुन्हा चाचणी करू म्हटलं तरी तो हसेल. नरहरही हसेल.

कुठलं कशात ते फक्त मला ठाऊक आहे.

८ फेब्रुवारी

केलं. उलटं वाचलं. "अ म्हणजे राजेशचं औषध — पंधरा. ब म्हणजे साधं तेल — सतरा."

हॉल टाळ्यांनी दणाणला! राजेशचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. वाटलं, भांडेल. भांडला नाही. उठून म्हणाला, "मानलं वहिनी. तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार." बाटल्या पिशवीत भरल्या आणि जेवायला न थांबता गेला.

नोकरीत एक आकडा कधी इकडचा तिकडे केला नाही. आज केला, आणि गोड लागलं. फार गोड लागलं. दोनदा श्रीखंड घेतलं.

९ फेब्रुवारी

सकाळी नरहरने डिकीतून दोन्ही बाटल्या आणून माझ्या हातात दिल्या. दोन्ही भरलेल्या. माझी चिकटपट्टी जशीच्या तशी.

"ओतल्याच नाहीत गं. त्या दिवशी हसलो, ते चुकलंच माझं. पण तेलात वरून काही घालू नये असं तू म्हणतेस, मग मी राजेशचं ऐकू?" आणि लहान मुलासारखा खूश होऊन — "बघ, जिंकलीस ना!"

काहीच ओतलं नव्हतं, तरी दोनाचा फरक — म्हणजे सगळा धुक्याचाच. खरा आकडा वाचला असता तर आज या दोन बंद बाटल्या राजेशसमोर ठेवल्या असत्या, आणि तो जन्मात पुन्हा बोलला नसता.

आता त्या मला कुणालाच दाखवता येणार नाहीत; उघडल्या तर अ मध्ये साधं तेल निघेल. नरहरलाही सांगता आलं नाही.