वर काय, खाली काय

३ मार्च, मंगळवार

पदवी नाही म्हणून खुर्ची जाणार!

आज परिपत्रक आलं. एकच पान, तळाशी वाकडा शिक्का. यापुढे आमच्या कक्षात फोनवर बसणाऱ्याकडे रसायनशास्त्राची पदवी हवी. रस्त्यात ॲसिडचा टँकर कलंडला, गॅसची गाडी गळायला लागली, की ड्रायव्हर, पोलीस, अग्निशमनवाले आम्हाला फोन करतात. आत काय आहे, किती लांब उभं राहायचं, पाणी मारायचं की नाही — हे आम्ही सांगायचं. चार वर्षं मी सांगतोय. त्याआधी एकोणीस वर्षं रसायनांच्या गोदामात. पिंपांवरची अक्षरं वाचत वाचत शिकलो, कोणी शिकवलं नाही. पदार्थांचे चार आकडी नंबर मोजून एक हजार चारशे बारा तोंडपाठ आहेत. शेजारच्या खुर्चीतला डबल डिग्री (दोन पदव्या आहेत त्याला, नाव मीच ठेवलंय) अजून यादी चाळतो!

मॅडम, म्हणजे आमच्या कक्षप्रमुख, वरच्यांशी भांडल्या. शेवटी तडजोड निघाली — ज्याला पदवी नाही त्यानं चोवीस तारखेला परीक्षा द्यायची. लेखी, तोंडी आणि एक खोटा फोन. नापास झालो तर परत गोदाम.

बघतोच.

५ मार्च, गुरुवार

परीक्षेचा अर्ज दिला. परीक्षेसाठी दिलेल्या पदार्थांच्या यादीत अमोनिया दोनदा आलाय. पदवीधरांनी केलेली यादी!

७ मार्च, शनिवार

घरी हिनं, म्हणजे बायकोनं, स्वतःहून माझी तयारी करून घ्यायला घेतली. म्हणाली, "तुम्ही फोनवर बसा, मी ड्रायव्हर होते." बावीस वर्षं ही रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते, आरडाओरडा तिला नवा नाही. हातातला डाव कानाला लावून गॅससमोर उभी राहिली.

"साहेब, माझा टँकर पडला हो!"

"पाटीवरचा नंबर सांगा."

"नंबर कसला विचारताय! माझी चप्पल सापडत नाहीये!"

"अगं, ड्रायव्हर असं बोलत नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी पडलात टँकरमधून?"

मग तिला पाटी काढून दाखवली. नारिंगी, दोन ओळींची. वरच्या ओळीत दोन-तीन आकडी धोक्याचा इशारा, खालच्या ओळीत पदार्थाचा चार आकडी नंबर. इशाऱ्याच्या आधी फुली असली तर पाण्याला हात लावायचा नाही. पट्टी लावून, मापात काढली होती. ती म्हणाली, "एवढं मापात तर तुम्ही आपल्या घराचं दारही बसवलं नव्हतं." मुद्दा तो नव्हता.

ठरलं — सकाळी चहाआधी एक अपघात, संध्याकाळी एक. आजचे दोन झाले.

१० मार्च, मंगळवार

मॅडमनी आज रंगीत तालीम घेतली. कपाटांच्या खोलीत बसून पोलिसाच्या आवाजात फोन केला. एक-शून्य-एक-सात. क्लोरीन! झोपेतून उठवलं तरी सांगेन. अंतर, वाऱ्याची दिशा, मास्क — अकरा सेकंदांत सगळं सांगून मोकळा. एक शब्द चुकला नाही.

मॅडम बाहेर आल्या. "नापास."

"चूक दाखवा मॅडम."

"चूक नाहीये. पान कुठे उघडलंत?"

आमच्या कक्षाचा नियम आहे — पुस्तकातलं त्या पदार्थाचं पान उघडल्याशिवाय उत्तर नाही. ओळीवर बोट ठेवायचं, मोठ्यानं वाचायचं, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. मग तुम्ही कितीही मोठे पंडित असा. मी म्हटलं, "मॅडम, पाठ आहे ते वाचायचं कशाला?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला पाठ आहे. तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे, हे कोणी सांगितलं?"

डबल डिग्री चहाच्या कपात तोंड घालून हसत होता. कप माझा होता.

११ मार्च, बुधवार

घरी सांगितलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. छे!

"मॅडमचं बरोबर आहे," म्हणाली. "खिडकीवर माणूस येतो, छातीत दुखतंय म्हणून ओरडतो, आणि हात असतो पोटावर. घाबरलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते. त्यानं सांगितलं ते लिहून घेतलं की माझं काम संपत नाही. त्याला परत बघायला लावायचं. वर काय दिसतंय, खाली काय दिसतंय. लहान मुलाला विचारतात तसं."

"टँकर म्हणजे पोट नव्हे."

"मग जा गोदामात."



१३ मार्च, शुक्रवार

विचारून बघतोय. संध्याकाळचा अपघात —

"वर काय दिसतंय?"

"तीन-तीन."

"खाली?"

"एक-दोन-शून्य-तीन."

"त्याच्याही खाली?"

"मांजर बसलंय."

पेट्रोलच्या टँकरखाली मांजर! हसून हसून ठसका लागला. पान मात्र उघडलं होतं.

१८ मार्च, बुधवार

आजचं सगळं नीट लिहितो.

सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. अग्निशमन दलाचा अधिकारी. घाटाच्या वळणावर टँकर खडकाला घासून थांबलाय, ड्रायव्हर सुखरूप, पण कागद केबिनमध्येच राहिलेत आणि आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. मागच्या झडपेतून गळती, पांढरा धूर. शेजारचं गवत पेटलंय. माणसं पाण्याचे पाइप घेऊन उभी. दुर्बिणीतून पाटी वाचली म्हणाला — एक-शून्य-आठ-एक. "लवकर सांगा साहेब, पाणी सोडू?"

एक-शून्य-आठ-एक म्हणजे टेट्राफ्लुओरोएथिलीन. ज्वालाग्राही वायू. टाकी लांबून पाण्यानं थंड ठेवायची. पानही उघडलं होतं, बोट ओळीवर होतं, ओळही हेच सांगत होती! तोंडात "सोडा" आला होता. इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचत नाही — आला होता.

पण रोजच्या दोन अपघातांची सवय. तोंडातून बाहेर पडलं ते हिचं वाक्य.

"पाटीवर वर काय दिसतंय, खाली काय दिसतंय?"

"अहो सांगितला ना नंबर! वर एक-शून्य-आठ-एक."

"आणि खाली?"

"खाली... शून्य, आठ, फुली."

चार आकडी नंबर वर कधीच नसतो. आणि फुली शेवटी कधीच नसते!

"पाटी कशी लावलीय?"

"लावलेली कसली, लटकतेय. एकाच स्क्रूवर."

पाटी फिरून उलटी झाली होती! पाटीवर इंग्रजी आकडे; शून्य, आठ, एक, फुली — सगळे उलटे केले तरी तसेच दिसतात, फक्त क्रम उलटतो. सुलटं वाचलं तर वर फुली-आठ-शून्य, खाली एक-आठ-शून्य-एक. ऑक्टिल ट्रायक्लोरोसिलेन. गळतीवर पाणी पडलं असतं तर आम्लाचे ढग उठले असते, आणि वारा त्याच्याच माणसांकडे.

"थांबा! पाणी नको. थेंबही नको. पाइप खाली ठेवायला सांगा, मग मला परत म्हणून दाखवा."

"पाणी नको. थेंबही नको," तो म्हणाला. मागे त्याला ओरडताना ऐकलं. मग मी दुसरं पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वाचली. वारा पाठीवर येईल अशा बाजूला या. गवतावर कोरडी माती. गळतीसाठी कोणता फेस, तेही. त्यानं प्रत्येक ओळ परत म्हटली. सव्वीस मिनिटं.

फोन ठेवला तेव्हा मॅडम मागे उभ्या होत्या. माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि गेल्या.

संध्याकाळी हिनं तरीही अपघात केलाच. म्हणे खाडा नको.

१९ मार्च, गुरुवार

गळती काल दुपारीच बंद झाली. एकालाही साधा खोकला नाही. डबल डिग्रीनं चहा आणून दिला, माझ्याच कपात. साखर फार होती. सगळा प्यायलो.

२४ मार्च, मंगळवार

लेखी सोपी. खोट्या फोनला पान उघडलं, बोट ठेवलं, सगळं रीतसर.

तोंडीला पाच जण. अठरा तारखेच्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं. माझा आवाज मला जरा नाकातून येतो असं वाटलं. नंतर मधले साहेब म्हणाले, "नंबर हातात होता, पान समोर होतं. तरी खाली काय आहे असं का विचारलंत? पुस्तकात तर हा प्रश्न नाही."

मी ताठ बसून म्हणालो, "अनुभवानं."

पाचही जणांनी माना डोलावल्या.

घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं, ते 'अनुभवानं'ही सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "माझा अनुभव तुमचा कधीपासून झाला?" हसत म्हणाली. पण म्हणाली.

२७ मार्च, शुक्रवार

पास! शंभरपैकी एक्याण्णव. (नऊ कुठे गेले, ते सोमवारी विचारणार आहे.) खुर्ची माझी!

डबल डिग्रीनं टाळ्या वाजवल्या, मॅडमनी पेढे नाहीत म्हणून बिस्किटं वाटली. बिस्कीट तसंच बशीत ठेवलं. मॅडमना बाजूला घेतलं. म्हटलं, "तोंडीत मी खोटं बोललो. तो प्रश्न माझा नाही, बायकोचा आहे." खिडकी, छाती, पोट, मांजर — सगळं सांगितलं. वाटलं, निकाल परत घेतात की काय.

मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग विचारलं, "शिक्षण किती त्यांचं?"

"माझ्याइतकंच."

टेबलावर आमच्या कक्षातल्या नव्या, तिसऱ्या खुर्चीच्या जाहिरातीचा मसुदा होता. मॅडमनी पेन उचललं आणि पदवीची अट खोडली. 'किंवा परीक्षा उत्तीर्ण' असं लिहिलं. दोनदा गिरवलं.

घरी येऊन तिला म्हटलं, "मॅडमना खरं सांगितलं." चहा न मागता आला.

३१ मार्च, मंगळवार

तिसऱ्या खुर्चीसाठी हिनं अर्ज भरलाय! मला न विचारता. तपासायला म्हणून माझ्यासमोर ठेवला. पूर्वानुभव: 'रुग्णालयाची खिडकी, बावीस वर्षं. टँकर ड्रायव्हर, सतरा दिवस, चौतीस अपघात.' मोजून पाहिले, बरोबर चौतीस. उद्या सकाळी चहाआधी टँकर माझा पडणार.