कळकट कडांचं शास्त्र

चि. भिंगरीस मामाचे जाडजूड पुस्तकाएवढे आशीर्वाद.

तुझी तब्येत, तुझ्या वडिलांचा गुडघा आणि तुझ्या आईचा आवाज ही तिन्ही ठणठणीत असतील असं धरून चालतो. (आवाजाबद्दल तर खात्रीच आहे. परवा ताई फोनवर बोलत होती तेव्हा मी फोन टेबलावर ठेवून दोन पुठ्ठ्यांना खळ लावली, तरी एक शब्द चुकला नाही.) इकडे मी मजेत, तुझी मामीही मजेत. दुकानातलं कटिंग मशीन तेवढं कुरकुरतं, पण तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं कापल्यावर कोण कुरकुरणार नाही?

ताईकडून कळलं की तू लेखणी खाली ठेवलीस. कुठल्याशा मासिकाच्या संपादकानं तुझी अर्धी कादंबरी परत पाठवली, वर एक ओळ लिहिली, ‘प्रयत्न बरा आहे’, आणि तू ते सगळं हस्तलिखित सुतळीनं बांधून रद्दीवाल्यासाठी दाराशी नेऊन ठेवलंस. अगं, सव्वाशे पानं तू लिहिलीस, तीन शब्द त्यानं लिहिले, आणि हार तू मानलीस? मी सातवी पास माणूस. अक्षरं शाळेत कमी आणि पुस्तकांच्या पाठीवर जास्त शिकलो. तरीही या विषयात त्या संपादकापेक्षा माझा अधिकार मोठा आहे, आणि तो कसा, हे सांगितल्याशिवाय मी हे पत्र पाकिटात घालणार नाही.

लायब्ररीतून माझ्याकडे फाटक्या पुस्तकांची पोती येतात. नवी बांधणी करताना तिन्ही बाजूंच्या कडा कापून काढाव्या लागतात, आणि कापण्याआधी मी त्या नीट बघतो. वाचकाचे हात कितीही स्वच्छ असोत, तीसचाळीस वाचक होऊन गेले की कड कळकट होतेच. पण कुठपर्यंत? जिथपर्यंत पुस्तक वाचलं गेलं तिथपर्यंत! एक कादंबरी आली होती, विटेएवढी जाड, तिला तीन विद्वानांच्या प्रस्तावना. अठराव्या पानापर्यंत काळीभोर आणि पुढे बगळ्यासारखी पांढरी. तिच्याच पोत्यात एक हडकुळं पुस्तक होतं, लेखकाचं नाव त्याच्या शेजाऱ्यांनीही ऐकलं नसेल, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कळकट, मध्ये मध्ये चहाचे डाग, आणि शेवटचं पान तर हाताळून हाताळून सुटून आलेलं. समीक्षक मिंधा असू शकतो, कड कुणाची मिंधी नसते. मग खळ वाळेपर्यंत मी ती पुस्तकं वाचायला लागलो. पांढरं जिथे सुरू होतं तिथे काय असतं, सांगू? तिथे नायक खिडकीत उभा राहून विचार करत असतो. बाहेर सूर्य उगवत असतो नाहीतर मावळत असतो, आणि वाचक त्याच्या आधीच मावळलेला असतो. आणि कळकट पानांवर कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि कुणीतरी आडवं येत असतं. हवं असलेलं मोठं असायला लागत नाही. घरमालकिणीकडे अडकलेली न्हाणीघराची किल्ली असली तरी चालते.

एवढं शास्त्र कळल्यावर माणूस गप्प बसेल का? मीही लिहायचं ठरवलं. आणि इथे मी अशी चूक केली जी फक्त बाईंडरच करू शकतो. मी आधी पुस्तक बांधलं. तीनशेवीस कोरी पानं, उत्तम कागद, तपकिरी कापडी बांधणी, पाठीवर सोन्याच्या अक्षरांत ‘खळ आणि दोरा’ आणि खाली माझं नाव. आता फक्त आतला मजकूर राहिला होता! महिनाभर मी रोज हात साबणानं धुऊन ते उघडलं आणि तसंच मिटलं. त्या सोन्याला शोभेल असं पहिलं वाक्यच सुचेना. (घर बांधायच्या आधी पाटी लावणाऱ्याला मी आजवर हसत आलो, आता हसत नाही.) त्यातच एक दिवस ते पुस्तक दुरुस्त झालेल्या गठ्ठ्याबरोबर लायब्ररीत गेलं. ग्रंथपालबाईंनी शिक्का मारला, नंबर घातला आणि आत्मचरित्रांच्या कपाटात लावून टाकलं. मला पत्ता लागेपर्यंत दोन महिने उलटले. धावत गेलो तर बाई म्हणाल्या, “बाहेर आहे. तुमच्या पुस्तकाला बरी मागणी आहे हं!” ते एका निवृत्त हेडमास्तरांकडे होतं. त्यांनी ते आणून दिलं आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘लेखकाचा संयम वाखाणण्याजोगा. मध्यभाग किंचित संथ.’

मी आधी कड पाहिली. पाचव्या पानापर्यंत कळकट, पुढे स्वच्छ! कोरं पुस्तक, भिंगरे, त्यात एक अक्षर नाही, तरी लोकांनी ते पाचव्या पानावर सोडलं. हे मला चांगलंच लागलं. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली ती अशी, की अभिप्राय देणाऱ्यानं पुस्तक उघडलेलं असतंच असं नाही. तुझ्या संपादकानं किती पानं उलटली, हे तू विचारलंस का?

मग मी ते सोनेरी प्रकरण कपाटावर टाकलं आणि कटिंग मशीनखाली पडणाऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर लिहायला बसलो. काय सांगू, हात असा सुटला! वाया जायचाच कागद, तो कुणाला भितो? म्हणून तुला सांगतो, चांगलं लिहायला बसूच नकोस, नुसतं लिहायला बस. रोज, ठरल्या वेळी, सुचलं तरी आणि नाही सुचलं तरी. सुचण्याची वाट पाहणारा बाईंडर उपाशी मरतो, लेखकाचं वेगळं काय असणार? जिन्यात, रांगेत, दवाखान्याच्या बाकावर लोक कसं भांडतात ते कान देऊन ऐक आणि आपलं शहाणपण मध्ये घालू नकोस. आणि लिहिलेलं नातेवाइकांना वाचून दाखवलंस तर त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस. तोंडानं ते स्तुतीच करतात, आणि ती पुस्तकाची नसते, नात्याची असते. हातांकडे बघ. मी वाचत असताना मामी बटणं लावत असते. तिची सुई थांबली तर परिच्छेद ठेवायचा, वेग वाढला तर काढायचा. (आजवर एकदाच थांबली. दोरा संपला होता.)

तर लेखणी उचल. घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांग, आणि गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांग.

तुझा,
हात चिकट पण कान शाबूत असलेला
मामा

ता. क. रद्दीवाल्यानं नेला तो गठ्ठा जुन्या वर्तमानपत्रांचा होता. तुझी कादंबरी ताईनं आदल्याच दिवशी माझ्याकडे पाठवली. तिच्यावर रागावू नकोस. पानं आली तेव्हा त्यांच्यावर एकही डाग नव्हता. आता सात आहेत, सगळे मामीच्या चहाचे.

पुन्हा ता. क. वरचं मार्गदर्शन फार मनावर घेऊ नकोस. माझं स्वतःचं अजून पहिलंच प्रकरण चाललंय, आणि नायक खिडकीतून हलायला तयार नाही.

मामीचा ता. क. भिंगरे, पाकीट चिकटवायच्या आत ह्यांच्या हातून ओढून घेतलंय, म्हणून घाईत लिहिते. ह्यांचं सगळं ऐकत बसू नकोस. तुझी ती नर्स बदलीचा कागद पर्समध्ये घालून तीन दिवस घरात फिरते, कुणाला सांगत नाही, आणि नणंद सुटे पैसे शोधायला त्याच पर्सला हात घालते, आणि तिथेच पानं संपली! अगं, असं करतात का माणसाला? दोन दिवस झाले, माझं कशात लक्ष नाही. नणंदांचं मला ठाऊक आहे. (वन्सं, तुम्ही वाचत असाल तर हे तुमच्याबद्दल नाही.) तिनं कागद पाहिला का? पाहिला नसेल तर सावकाश, सविस्तर लिहून पाठव. पाहिला असेल तर आधी फोन कर.