अमरावती ते अकोला, हवाई अंतर

बाबा, आज कामात अमरावती ते अकोला आलं. मी एका वेबसाइटसाठी मराठी पानं लिहितो. दोन विमानतळांची नावं येतात, त्यांच्यातलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ तयार गणितातून निघतो, त्याभोवती मी चार वाक्यं लिहितो. बारावी सुटली तरी माझं शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून हे काम मिळालं. या दोन गावांमध्ये विमान जात नाही, पण गणिताला ते माहीत नसतं. अमरावतीचा बेलोरा विमानतळ ते अकोल्याचा शिवणी, सत्तर किलोमीटरच्या आसपास, दहा-बारा मिनिटं. आकडे तीनदा तपासले. मग पुढचं पान न उघडता बसून राहिलो.

तुम्ही याच रस्त्यावर एसटी चालवलीत. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. कुणी अंतर विचारलं की म्हणायचात, "किलोमीटर इंजिनाले माहीत. तू कवा पोचतं, ते सांगतो." मी सातवीत असताना तुमच्या सुट्टीच्या दिवशी आपण तिघं परतवाड्याच्या स्टँडवर उभे आहोत. अकोटला मावशीकडे जायचंय. समोर गच्च भरलेली गाडी. मी म्हणतो, मागून जलद गाडी आहे, फलकावर वेळ लिहिली आहे. तुम्ही खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरता आणि माझ्याकडे वळता. "काऊन बे मास्तर, फलकावर बसून जाशीन काय अकोटले? उभी हाय ते गाडी आपली. चढ." आई तोंडाला पदर लावून हसते. त्याच वर्षी तुम्ही हातातलं घड्याळ काढून मला दिलंत.

नऊ वर्षांपूर्वी अकोल्याच्या दवाखान्यातून आईचा फोन आला तेव्हा तेच घड्याळ हातात होतं. "बाबा तुले विचारून राहिले. लवकर ये." मी अमरावतीच्या स्टँडवर पोचलो. साधी गाडी फलाटाला लागलेली, इंजिन चालू. विनाथांबा गाडी अर्ध्या तासानं सुटणार होती, पण साधी सगळे थांबे घेणार. वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. विनाथांबा पंधरा मिनिटं आधी पोचत होती. दोनदा मांडला, दोन्ही वेळा तेवढंच आलं. विनाथांबा दीड तास आलीच नाही.

मी पोचलो तेव्हा आई वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. "आत्ताच गेले रे. दाराकडे पायत होते. काऊन उशीर केला?"

"गाडीच नव्हती."

तिनं मान हलवली. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. कुणी विषय काढला की माझ्याआधी तीच बोलते, "पोराले गाडीच नाई भेटली, तो काय करन?"

आजचं पान पूर्ण केलं. शेवटी लिहिलं, या मार्गावर विमानसेवा नाही. ते खरं आहे. हे दुसऱ्या फाइलमध्ये लिहितोय. आई आत भाकरी थापते आहे, आवाज येतोय. तिला वाचून दाखवता येईल. दाखवणार नाही, फाइल बंद करीन.

त्या साध्या गाडीच्या कंडक्टरनं मला ओळखलं होतं, बाबा. दारातून हात पुढे केला होता. "डायवरसायबाचा पोरगा ना तू? चढ, जागा करतो."

मी घड्याळ बघून म्हणालो, "नको काका, तुम्ही जा."