पुठ्ठ्यावर उभ्या बाटल्या

मंगळ., ८ जुलै

प्लॅस्टिकच्या शीट संपल्या. मालाबरोबर सरबतवाल्यांकडे गेलेल्या परत आल्याच नाहीत. आता बाटल्यांच्या दोन थरांमध्ये पुठ्ठा. जोशीसाहेब म्हणाले, "मधे काहीतरी असल्याशी मतलब." मॅनेजर आहेत, केबिनमध्ये बसून म्हणू शकतात. किल्ल्या सांभाळत गोडाऊनमध्ये दिवसभर फिरायचं मला असतं.

पुठ्ठा हातात घेतला. गार, दमट. कात्रजच्या बाजूला या दिवसांत भिंतींनाही ओल सुटते. बोटाने दाबला तर खळगा पडला. त्यावर काचेचं एवढं ओझं...

बघू.

शुक्र., ११ जुलै

मागच्या रांगेत कोपऱ्यातला ढीग कललाय. बाटल्यांचे थर रचलेली तीन लाकडी पॅलेट एकावर एक, सगळ्यात वरचं भिंतीकडे झुकलेलं. खाली वाकून पाहिलं. एका कडेचे पुठ्ठे पार चेपलेत, बाटल्यांची तोंडं आत रुतलीत.

त्या ढिगाच्या मागेच तपासणीचं टेबल. तिथे सरिता बसते, दिव्यासमोर एकेक बाटली धरून तडा शोधते. ह्यांची धाकटी बहीण. घर सोडून आमच्याकडे आली तेव्हा मीच तिला इथे चिकटवली.

जो.सा.ना नेऊन दाखवलं. "मॅडम, पिसाचा मनोरा ऐकलाय का? कधीचा वाकडा आहे. लोक तिकीट काढून बघतात." सगळे हसले. मीही हसले.

शनि., १२ जुलै

सकाळी रामदासला हाताशी धरून सरिताचं टेबल दाराजवळ आणलं. दुपारी जेवून येते तो टेबल परत कोपऱ्यात. जो.सा. म्हणे, दिव्याचा प्लग तिथे आहे, वायर कोण ओढणार.

संध्याकाळी सरिताला स्कूटरवर मागे घेऊन बिबवेवाडीला घरी आले. जिन्यात म्हणाली, "वहिनी, सगळ्यांसमोर माझं टेबल उचललंस. मी काय बालवाडीत आहे?"

हिला सांगितलं तर ही घाबरेल, म्हणून बोलले नव्हते. मग सांगितलं. तर म्हणे, "तुला घरातला पंखासुद्धा पडेल असं वाटतं." खरंय, वाटतं.

सोम., १४ जुलै

कोपऱ्यातून आवाज येतो. बारीक, टिक् असा. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असताना मी मुद्दाम उभी राहिले. दोनदा आला. की मलाच वाटलं?

रामदासला विचारलं. तो यवतमाळकडचा, माल उचलायची फोर्कलिफ्ट गाडी चालवतो, कमी बोलतो. म्हणाला, "वरचं पॅलेट उतरवा लागते मॅडम. पण समोरची रांग हटवल्याशिवाय गाडी नाही पोचत जी."

जो.सा. : आधी डिस्पॅच, मग तुमची भीती.

डबा तसाच परत आणला.

बुध., १६ जुलै

अक्षर नीट येत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी समोरच्या रांगेतला माल ट्रकमध्ये भरायला निघाला. मी रामदासला म्हटलं, सरिताला आधी बाहेर बोलावते. हाक मारली. ती म्हणाली, "हातातला क्रेट संपवून येते." मी पुढे निघाले आणि तेवढ्यात जो.सा. मागून ओरडले, "उचल रे!" रामदासने समोरचं पॅलेट उचललं. दोन्ही ढीग एकमेकांत अडकून उभे होते, तो टेकू गेला. कोपऱ्यातला ढीग सावकाश, अगदी सावकाश वाकला आणि वरचं पॅलेट भिंतीच्या खांबाला जाऊन टेकलं. एक अख्खा थर खाली आला. तो आवाज. काचेचा पाऊस म्हणतात तसा नव्हता, एकच मोठा फुटण्याचा आवाज आणि मग काहीच नाही.

"सरिता!"

मी परत ओरडले.

"टेबलाखाली आहे." मग, "वहिनी, वाट बंद झालीये."

खांब आणि ढीग यांच्यामध्ये ती. वर बाटल्या, पॅकिंगच्या प्लॅस्टिकमध्ये लोंबणाऱ्या. मी जो.सा.ना म्हटलं, अग्निशमनला फोन करा. ते म्हणाले, "थांबा, थांबा. उद्या पेपरात यायचं." त्यांचाही चेहरा पांढराफटक. रामदासने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाला, "गाडीनं ओढलं तर सगळंच येते. हातानं काढू. तुम्ही हलक्या आहात, तुम्ही चढा."

फोर्कलिफ्टला लावलेल्या लोखंडी पिंजऱ्यात उभी राहिले. त्याने वर नेलं. मला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा गरगरतं. प्लॅस्टिक कापलं, एकेक बाटली काढून क्रेटमध्ये. बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या. प्रत्येक वेळी वाटायचं, ही शेवटची, आता सगळं जाणार. पुठ्ठा उचलला तर भिजलेल्या पोळीसारखा हातात तुटला.

खालून सरिता बोलत होती. काय तर म्हणे, मेथी निवडायची राहिलीये. मी हो हो म्हणत होते.

मधेच ढीग हलला. बोटभर. रामदास खालून म्हणाला, "थांबा. श्वास घ्या जी." घेतला.

वरचं पॅलेट रिकामं करून मी खाली उतरले, रामदासने ते खांबापासून सोडवलं, तेव्हा ती टेबलाखालून सरपटत बाहेर आली. कपाळावर ओरखडा, पायात काच. मला धरायला आली आणि मीच खाली बसले.

गुरु., १७ जुलै

सुट्टी. सरिताच्या पायाला टाके. दवाखान्यात "घरी पडले" असं तिनेच सांगून टाकलं. मी काही बोलायच्या आत.

सगळं ऐकून हे गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

दुपारी स्वयंपाकघरात कुणीतरी कपात चमचा ढवळला. मी किंचाळले.

शनि., १९ जुलै

मी गेले, सरिता घरी. कोपरा झाडून स्वच्छ. जणू काही झालंच नाही. जो.सा. आपणहून चहा घेऊन आले. "शीटची ऑर्डर देतोय. पण वेळ लागेल. तोवर जरा जपून." जपून म्हणजे काय, विचारलं. "म्हणजे जपून, मॅडम."

रामदासला समज दिलीय. गाडी नीट चालवली नाही म्हणून. मी तोंडावर म्हटलं, ओरडलात ते तुम्ही. जो.सा. कप घेऊन परत गेले.

आज गोडाऊनच्या दारातून दोनदा परत फिरले.

सोम., २१ जुलै

कारखान्यातून नवा माल आला. ताडपत्री उघडली. परत पुठ्ठेच. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, कुठं उतरवायचं?"

मी म्हटलं, "नाही उतरवायचं."

माझ्या तोंडून कसं गेलं माहीत नाही. फाटकाची किल्ली मुठीत धरून उभी होते. जो.सा. आले. "गोडाऊन तुमच्या सासऱ्यांनी बांधलंय का?" मी म्हटलं, शीट येऊ देत, मग उघडते. रामदास फोर्कलिफ्ट बंद करून उतरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

ट्रक फाटकाबाहेरच आहे. उद्या मालक स्वतः येणार.

घरी सांगितलं. सरिता लंगडत आली, ताट घेतलं, म्हणाली, "वहिनी, आपल्या दोघींचं काम जाईल. परत कोण घेणार आहे मला?" मग थोडं जेवली. उठताना म्हणाली, उद्या मीही येते.

कोणाच्या बाजूने, ते विचारायची हिंमत झाली नाही.